विहिरीचं कॅलेंडर

आमच्या विहिरीवर भांडण व्हायचं ते पाण्यावरून नाही, अमावस्येवरून. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू द्या. भर उन्हाळ्यात एक पाणी चुकलं आणि मोसंबीची हिरवी फळं झाडाच्या बुडाशी पडलेली बघितली, की हसू कुठल्या कुठं पळून जातं.

विहीर एक आणि घरं दोन. अंबड तालुक्यात, शहागडच्या अलीकडं आमचं गाव. विहिरीच्या उगवतीला माझ्या भायांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची मोसंबी, आणि मावळतीला आमची. सासऱ्यांनी जमीन वाटून दिली, गोठा वाटून दिला, घरातली भांडीसुद्धा वाटून दिली. विहिरीजवळ आले आणि म्हणाले, "हिला हात लावायचा न्हाई." त्यामुळं मोटर एक, स्टार्टरची पेटी एक आणि पाण्याची बारी ठरलेली. एक दिवस त्यांचं पाणी, एक दिवस आमचं. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. लाईट रात्रीची असो का दिवसाची, बारी तीच. आणि अमावस्येला मोटर बंद.

ही अमावस्येची गोष्ट मोटेच्या काळातली. अमावस्येला बैलांच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, म्हणून मोट बंद, म्हणून विहिरीला आराम. पुढं बैल गेले, मोट गेली, मोटर आली, आराम तेवढा राहिला. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंच्या आडून विचारलं होतं, मोटरीला कसली आलीय अमावस्या? सासरे म्हणाले, "मोटरीला नसंल. विहिरीला हाये." विषय संपला.

ज्याच्या बारीला अमावस्या येईल त्याचं पाणी बुडत नाही, एक दिवस पुढं सरकतं. सोपं आहे ना? बिलकुल नाही. कारण अमावस्या ही बया सकाळी येऊन संध्याकाळी जात नाही. आज दुपारी लागते आणि उद्या दुपारी संपते. मग विहिरीनं आराम करायचा कधी, आज का उद्या? सासरे होते तोवर ते संध्याकाळी ओट्यावरून आवाज द्यायचे, "उद्या मोटर बंद!" की बंद. कोणाची काय टाप होती तोंड उघडायची.

ते गेले आणि घरात दोन पंडित तयार झाले. भाया म्हणायचे, लागली की लागली, तोच दिवस धरायचा. आमचे हे म्हणायचे, सूर्य उगवताना जी तिथी तीच खरी. आणि गंमत ऐका. पुढच्या महिन्यात दोघांची मतं बदललेली असायची. ज्याला ज्या महिन्यात जे सोयीचं, तेच त्याचं शास्त्र. दोघांच्या भिंतीवर दोन दुकानांची कॅलेंडरं. दोघं आपापलं खिळ्यावरून काढून विहिरीवर घेऊन यायचे आणि एकमेकांच्या नाकासमोर नाचवायचे. मला वाटायचं, दोन्ही कॅलेंडरं त्याच विहिरीत टाकून द्यावीत आणि वरून झाकण लावावं.

असं दर महिन्याला. शेवटी एका उन्हाळ्यात भाया म्हणाले, "ही किरकिर नको. मी माझा बोअर घेतो."

आमचे हे म्हणाले, "घे ना. कोण अडवून राह्यलं?"

विहिरीला खेटून बोअर घेतला की काय होतं ते आम्ही शेजारच्या मळ्यात बघितलं होतं. दोन उन्हाळे बोअर चालला, विहीर कायमची गेली, मग बोअरही गेला. झाडं उभीच्या उभी वाळली आणि सरपणाला गेली. आमच्या दोन्ही बागा त्या एका विहिरीच्या जिवावर होत्या. दोघांनाही हे ठाऊक होतं. ठाऊक असून असं बोलायचं, ह्याला मी काय म्हणू? पुरुषांचा मान म्हणतात त्याला. मी दुसरा शब्द वापरते, पण तो इथं लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तू का नाही बोललीस? कशी बोलणार! भायांसमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि सांगायचं ते थोरल्या जाऊबाईंच्या मार्फत. भाया समोर खाटेवर बसलेले असले तरी मी म्हणायचं, "जाऊबाई, चहा इथं ठेवते." आणि भायांनी म्हणायचं, "तिला म्हणावं, साखर जास्त झाली." मधे चार हातांचं अंतर. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत माझ्या बाबतीत. पण मी मूळची तोंडाळ. माहेरी परतूरला माझा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, आणि इथं तोंडाला कुलूप. राग यायचा, खोटं कशाला बोलू.

परतूरलाच लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तिथले सर म्हणजे एक अवलिया. जे फुकट असेल ते आधी शिकवायचे. त्यांनीच आम्हाला ते कॅलेंडर दाखवलं. त्याचं नाव इंग्रजी, माझ्या तोंडात ते कधी बसलं नाही. मी आपली त्याला 'कॅलेंडर'च म्हणायची. इंटरनेट बघायचा एक फुकटचा प्रोग्रॅम बनवणारी मंडळी होती, त्यांच्यातल्याच काही जणांनी हे वेगळं काढलं होतं. दुकान नाही, पगार नाही. कोणी कुठल्या देशातला, कोणी कुठल्या. दिवसाची नोकरी करायचे आणि उरल्या वेळात ह्याला थोडं थोडं घडवायचे. त्याच्या आतलं सगळं लिखाण उघडं. ज्याला कळतं त्यानं वाचावं, चुकलं असेल तिथं दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. सर म्हणाले, ओपन सोर्स म्हणतात ते हेच.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मंग त्यांना भेटतं काय, सर?"

"काही न्हाई," सर म्हणाले.

आमच्या डोक्यावरून गेलं. काही मिळत नसताना माणूस कशाला करील? आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींना वाटलं, ह्यात नक्की काहीतरी गडबड आहे.

पण वस्तू गुणी होती. लग्नानंतर माझ्या भावानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. तो इतका म्हातारा होता की दुसरं काही उघडलं की धापा टाकायचा. हे कॅलेंडर मात्र झटकन उघडायचं. नाव विचारायचं नाही, पासवर्ड मागायचं नाही, आणि मुख्य म्हणजे रेंज मागायचं नाही. आमच्या गावात तेव्हा रेंज मिळायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. डाव्या बाजूला छोटा महिना, त्याखाली करायच्या कामांची जागा, आणि मधे मोठ्ठा महिना, घरं घरं पाडलेला. एकेका माणसाचं वेगळं कॅलेंडर करायचं, त्याला वेगळा रंग द्यायचा आणि सगळी एकावर एक बघायची. कोणाचं नको असेल तर त्याच्या नावापुढची टिक काढली की तो गायब. घरातल्या माणसांचं असं करता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ते कोणतंही काम कितीही दिवसांनी परत परत मांडून द्यायचं. एक दिवसाआड म्हटलं की एक दिवसाआड, पार वर्षाच्या शेवटापर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडराला हे जमत नाही. आणि त्यातलं एखादं हलवायला गेलं की ते अदबीनं विचारायचं, हा एकच दिवस बदलायचा का सगळे? मला त्याचं हे विचारणं फार आवडायचं. इथं मला दुसरं कोण विचारत होतं?

नाही म्हणायला एक खोड होती. सकाळी सहाचा गजर लावला की तो दुपार व्हायला आल्यावर वाजायचा. मी म्हटलं, फुकटचं आहे, एवढं चालायचंच. गजर बंद करून टाकला.

तर बोअरच्या भांडणानंतर मी एका दुपारी लॅपटॉप घेऊन बसले. भायांना हळदीचा पिवळा रंग दिला, आम्हाला हिरवा, अमावस्येला काळा. बाऱ्या एक दिवसाआड मांडल्या. अमावस्या आली की साखळी तिथं तोडायची आणि एक दिवस पुढून परत सुरू करायची. पण अमावस्या कुठली धरायची? त्या परदेशी कॅलेंडराला बिचाऱ्याला तिथी-बिथी काही माहीत नाही. त्याच्या लेखी सगळे दिवस सारखे. मी पंचांग घेतलं आणि ठरवलं, बारी सकाळी सहाला बदलते, तर अमावस्याही सकाळचीच धरायची. सूर्य उगवताना असेल ती. आणि एका बैठकीत सगळं वर्ष मांडून टाकलं, कोणत्या महिन्यात कोणाचा फायदा होतो हे न बघता. बघितलं असतं तर माझाही हात हलला असता, माणूसच आहे मी.

मग पेनड्राइव्ह घेऊन शहागडला गेले. बाजाराच्या दिवशी, तेवढंच निमित्त. झेरॉक्सवाल्यानं महिन्याचा कागद काढून दिला. एक पानभर महिना, त्यात पिवळे, हिरवे, काळे चौकोन. दुधाच्या पिशवीत घालून मी तो स्टार्टरच्या पेटीवर चिकटवला.

ह्यांनी बघितलं. "हे काय?"

"कॉम्प्युटरनं काढलंय."

"अन् अमावस्या?"

"त्यातच हाये की."

मी खोटं बोलले नाही. कागद कॉम्प्युटरनंच काढला होता आणि अमावस्या त्यात होती.

भाया आले तेव्हा मी जाऊबाईंबरोबर बांधावर गवत कापत होते. मान वर केली नाही, पण कान तिकडंच होते. ते पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता टराटरा फाडतात. ते जाऊबाईंकडं वळले आणि म्हणाले, "तिला म्हणावं, अक्षर मोठं कर."

जिवात जीव आला माझ्या. बोअरचं नाव त्या उन्हाळ्यात परत निघालं नाही.

मग वर्षांमागून वर्षं तो कागद लागत गेला. महिना संपायच्या आत नवा कागद पेटीवर. अमावस्येला कोणी मोटरीकडं फिरकायचं नाही. कॉम्प्युटरशी कोण भांडणार? हळूहळू भायांनी त्यावर पेन्सिलीनं खुणा करायला सुरुवात केली. एखाद्या तारखेला गोल केला की समजायचं, त्या दिवशी त्यांना बारी बदलून पाहिजे, लग्नाला जायचंय नाहीतर मजूर मिळत नाहीयेत. मी घरी येऊन बदलायची. कॅलेंडर विचारायचं, एक का सगळे? मी म्हणायची, एकच रे बाबा. एकदा घाईत 'सगळे' दाबलं गेलं आणि अख्खं वर्ष उलटंपालटं झालं. पण केलेलं परत फिरवायची सोय त्यात होती, तीही एक चांगलीच गोष्ट.

मग मीसुद्धा कागदाच्या तळाला एखादी ओळ टाकायला लागले. 'जाऊबाईंच्या गोळ्या संपत आल्यात.' 'फवारणीचं औषध दोघांचं मिळून आणलं तर स्वस्त पडेल.' दोन दिवसांनी बघावं तर ओळीपुढं पेन्सिलीची बरोबरची खूण. जाऊबाई हसायच्या, म्हणायच्या, "माझी नोकरी गेली की गं." त्या घरात मला पहिल्यांदा बोलायला जागा मिळाली होती.

एकदा फोनवर रेंज चांगली आली होती, म्हणून मी त्या कॅलेंडराची नवी आवृत्ती बघायला गेले. त्याच्या नावापुढं कायम शून्य पॉइंट काहीतरी असायचं. सर म्हणायचे, एक झालं की ते पूर्ण झालं समजा. मी एकची वाट बघत होते. तर पानावर लिहिलेलं, आम्ही हे काम थांबवत आहोत. हात कमी पडले होते. उरलेल्या चार-दोन माणसांनी ठरवलं होतं की कॅलेंडर त्यांच्याच ईमेलच्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवायचं आणि हे वेगळं सोडून द्यायचं. ज्यांना वापरायचं त्यांनी वापरावं, पण दुरुस्ती होणार नाही.

माझा असा संताप झाला! अरे, विचारायचं तरी! आमच्या दोन बागा त्याच्यावर चालल्यात. मग माझं मलाच हसू आलं. ते कोणाला विचारणार? शहागडच्या अलीकडं एक बाई त्यांच्या कॅलेंडरात मोसंबीला पाणी देते हे त्यांना कुठून कळणार? आणि आमच्या विहिरीचं तरी दुसरं काय होतं. पाणी सगळ्यांना पाहिजे, गाळ काढायचा म्हटलं की दोघं-तिघंच खाली उतरतात. ती माणसं किती तरी वर्षं फुकट गाळ काढत होती. थकली असतील. मी फोन ठेवून दिला, पण संध्याकाळभर वाईट वाटत राहिलं, अगदी ओळखीचं कोणी गेल्यासारखं.

आमचे हे म्हणाले, "फोनमधे हाये की क्यालेंडर." बघितलं मी तेही. आधी खातं उघडा म्हणतं, मग तुमच्या बाऱ्या इंटरनेटवर ठेवते म्हणतं, आणि छापायला गेलं की मुंगीएवढं अक्षर. माझ्या भायांना मुंग्या वाचता येत नाहीत. जुनं चालूच होतं, मी तेच चालू ठेवलं.

ते चाललं गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेल्या होत्या, दोन महिन्यांसाठी. आणि इकडं माझा लॅपटॉप गेला. सकाळी चालू केला, काळा पडदा. दाबलं, बंद केलं, बॅटरी काढून पुसून घातली, देवाचं नाव घेतलं. काही नाही. महिना संपला आणि पेटीवरचा कागद जुना झाला. दुरुस्तीला शहागडला जायला मला सवड होईना, बागेत मजूर लागले होते.

मी ह्यांना सांगितलं, "दादांना सांगा, लॅपटॉप बिघडलाय म्हणून कागद न्हाई."

"सांगतो," हे म्हणाले. आणि सांगितलं नाही. का, तर "त्यानं इचारलं का मला? इचारंल तव्हा सांगंन." तिकडं भाया विचारायला येत नाहीत, इकडं हे सांगायला जात नाहीत. जाऊबाई असत्या तर एका चहात मिटलं असतं. मी रोज भायांना बांधावरून जाताना बघायची, रोज पदर पुढं ओढायची आणि रोज गप्प राहायची. तोंडाळ मी!

अमावस्या आली. भांडणाला हवी तशीच आली, एका दुपारी लागून दुसऱ्या दुपारी संपणारी. सकाळी सहाला दोघं भाऊ स्टार्टरच्या पेटीसमोर. एक म्हणतो आज बंद, दुसरा म्हणतो काल होती, आज माझं पाणी. इतक्या वर्षांचं साचलेलं एका सकाळी बाहेर आलं. वाटण्यांपासून सगळं निघालं. शेवटी भाया म्हणाले, "बास. आता बोअरच," आणि निघून गेले. ह्या वेळी आवाजात राग नव्हता. त्यामुळंच मी घाबरले.

दोन दिवसांनी पाणाड्या आला. म्हणजे पाण्याची जागा सांगणारा माणूस. तळहातावर नारळ आडवा धरून भायांच्या रानात फिरत होता. फिरत फिरत बरोब्बर विहिरीजवळ आला, आणि नारळ उभा राहिला. येणारच, तिथं खाली पाणी आहे हे नारळाला न विचारताही कोणी सांगितलं असतं. त्यानं तिथं एक दगड ठेवला आणि त्याला चुना फासला. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती.

"घेऊ दे," हे म्हणाले, आणि न जेवता उठले. त्यांनाही रडू येत होतं, मला दिसत होतं.

मी पिशवी उचलली आणि शहागडची गाडी धरली. सरांची एक शिकवण होती, की छापायला जाताना नुसता छापायचा कागद न्यायचा नाही, मूळ फाइलही पेनड्राइव्हवर उतरवायची. मी इतकी वर्षं तसंच करत होते, का ते न विचारता. झेरॉक्सवाल्यानं पेनड्राइव्ह लावला, फाइल बघितली आणि मान हलवली. "ताई, हा प्रोग्रॅम आता कुठं भेटतो? कव्हाच बंद झाला."

"मला ठाऊक आहे बंद झाला. फाइल उघडते का ते बघा."

त्यानं ती साध्या लिहायच्या पाटीत, नोटपॅडमधे, उघडली. ओळींवर ओळी. इंग्रजी अक्षरं, आकडे, आणि त्यांच्यामधे माझे स्वतःचे शब्द, 'थोरल्यांचं पाणी', 'आमचं पाणी', 'अमावस्या, विहिरीला आराम'. सगळं जसंच्या तसं. वाचता येईल असं. काम सोडून गेलेल्या त्या माणसांनी जाताना कुलूप लावलं नव्हतं.

त्यानं दुसरं कुठलंसं कॅलेंडर उघडलं, त्याला ही फाइल दिली, आणि एका क्षणात सगळ्या बाऱ्या त्यात जाऊन बसल्या. पण वेळ? सहाची प्रत्येक बारी साडेअकराला!

तो हसायलाच लागला. "ताई, तुमच्या जुन्या क्यालेंडरात विलायती घड्याळ लावलेलं होतं. बदललंच न्हाई का कधी?"

नव्हतं बदललं. म्हणजे तो गजर बिचारा बरोबर होता, तिथल्या घड्याळानं. इतकी वर्षं आमच्या मोसंबीला विलायतेच्या सकाळी सहाला पाणी मिळत होतं, कागदोपत्री. मी म्हटलं, "मंग ह्यालाही विलायती घड्याळ लावा, जल्दी करा." त्यानं लावलं, आणि सहाच्या बाऱ्या सहाला आल्या. पुढच्या अमावस्या मी तिथंच पंचांग मागून टाकल्या आणि कागद काढून घेतले.

घरी गेलेच नाही. फाट्यावर उतरले ती सरळ विहिरीवर. भाया एकटेच होते. गाडीला वाट करायला बाभळीच्या फांद्या बाजूला ओढत होते. मी पदर पुढं घेतला आणि सवयीनं इकडंतिकडं जाऊबाई कुठं दिसतात का बघितलं. कोणी नव्हतं. वारं सुटलं होतं.

"दादा," मी म्हटलं.

त्यांनी मागं वळून बघितलं, की मी कोणाशी बोलतेय.

"लॅपटॉप बंद पडल्ता. म्हून कागद आला न्हाई."

हातातली फांदी त्यांनी खाली ठेवली. "बंद पडल्ता?"

"पार गेला. तुमाला कोणी सांगितलं न्हाई?"

"कोण सांगंन? ही तिकडं परभणीला. अन् तो बोलत न्हाई." ते माझ्याकडं न बघता बोलत होते, विहिरीकडं बघत. "मला वाटलं, तूच बंद केलं. आता तुमाला एकत्र न्हाई राहायचं, ते असं सांगून राह्यली. कागद न लावून."

महिनाभर हा माणूस पेटीवरच्या त्या जुन्या कागदासमोर रोज उभा राहत होता आणि माझा निरोप समजून परत जात होता. आणि मग मला राग आला, माहेरचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "दादा, तोडायचं असतं तर मी कागद न लावून कशाला सांगितलं असतं? मला काय तोंड न्हाई?"

"हाये की," भाया म्हणाले. "आज ऐकलं."

मी कागद पुढं केले. त्यांनी चष्मा पुसला, लावला, आणि काळ्या चौकोनांवर बोट ठेवत सगळे महिने बघितले. "अमावस्या बराबर हायेत ना? दुसऱ्या मिशनीवरचं हाये हे."

"मिशनीला अमावस्या कळतच न्हाई, दादा." तोंडातून निघून गेलं. "ती मीच टाकते. पयल्यापासून."

बोलून गेले आणि जीभ चावली. इतक्या वर्षांचं सगळं ह्या एका वाक्यात वाहून जातंय का काय, असं झालं.

"मंग?" ते म्हणाले. "त्या गोऱ्या सायबाला कुठून कळंन आपली अमावस्या? तू टाकती म्हून तर कव्हा भांडलो न्हाई."

वाऱ्यानं कागद त्यांच्या हातातून सुटायला बघत होते. त्यांनी ते विहिरीच्या काठावर ठेवले, दोन पावलं जाऊन पाणाड्याचा तो चुना लावलेला दगड उचलला आणि कागदांवर ठेवला. मग खिशातून फोन काढून गाडीवाल्याला सांगितलं, उद्या येऊ नको, गरज न्हाई.

मी पिशवी घेऊन निघाले. बांधापर्यंत गेले असेन, मागून आवाज आला. ह्या वेळी 'तिला म्हणावं' नव्हतं.

"बाई, अक्षर अजून बारीकच हाये," ते म्हणाले. "अन् पुन्हा कव्हा कागद न्हाई आला, तर तोंडानं सांगत जा."